मोजणाऱ्या यंत्राचे मोजमाप

बाजारातील तराजू व वजने ठरावीक मुदतीने तपासून त्यांवर मोहोर उमटविली जाते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. हवेतील दूषित वायू मोजणाऱ्या स्वयंचलित यंत्रांचीही अशीच तपासणी करावी लागते. तिला अंशशोधन म्हणतात. येथे वजनाचे काम ज्ञात प्रमाणाचा वायू करतो.

२००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांनुसार हवेतील सल्फर डायऑक्साइडची चोवीस तासांची सरासरी दर घनमीटरला ८० मायक्रोग्रॅमपर्यंत असावी. आकारमानाच्या हिशेबाने हे प्रमाण हवेच्या एक अब्ज भागांत जेमतेम ३० भाग एवढेच भरते. यंत्र दहा टक्के कमी दाखवीत असेल, तर प्रत्यक्षात ८६ असलेली पातळी ७७ म्हणून नोंदली जाईल आणि कागदोपत्री त्या वस्तीची हवा निर्दोष ठरेल. उलट चूक झाल्यास एखाद्या कारखान्यावर नाहक ठपका येईल.

सल्फर डायऑक्साइडच्या यंत्रात हवेवर अतिनील किरण सोडतात. त्यामुळे या वायूचे रेणू क्षीण प्रकाश देतात आणि त्या प्रकाशावरून वायूचे प्रमाण ठरते. कालांतराने दिवा मंदावतो, नळ्यांत धूळ साचते. यंत्र बंद पडले तर ते तत्काळ कळते. हळूहळू चुकू लागले तर मात्र कोणाच्याच लक्षात येत नाही.

मग अब्जांत ३० भाग एवढा विरल वायूच नळकांड्यात भरून का ठेवू नये? असा वायू दीर्घकाळ टिकत नाही. त्याचे मोजके रेणू नळकांड्याच्या आतील पृष्ठभागास चिकटतात आणि प्रमाण घटत जाते. म्हणून दशलक्ष भागांत ५० भाग अशा तीव्र प्रमाणाचा, नायट्रोजनमध्ये मिसळलेला वायू आणून तो जागेवरच विरल करण्यात येतो. असा वायू मिनिटाला १० मिलिलिटर आणि शुद्ध हवा ४,९९० मिलिलिटर या वेगाने एकत्र आणल्यास मिश्रण पाचशे पट विरल होते. म्हणजे अब्ज भागांत १०० भाग. शुद्ध हवेचा वेग बदलून हवे ते प्रमाण मिळविता येते.

ही शुद्ध हवा म्हणजे बाहेरची मोकळी हवा नव्हे. सिलिका जेल, सक्रिय कोळसा इत्यादींतून नेऊन तिच्यातील ओलावा व दूषित वायू काढलेले असतात. नळ्याही टेफ्लॉनच्या असाव्या लागतात, कारण साधे रबर वायू शोषून घेते.

तथापि नळकांड्यावरील आकडाच चुकला, तर पुढचा सारा हिशेब व्यर्थ. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? त्यासाठी प्रमाणित वायूंची साखळी असते. भारतात तिचे मूळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. तेथे घटक वायू अचूक तराजूवर तोलून मिश्रणे सिद्ध केली जातात. वायूचा वेग राखणारे नियंत्रकही वेळोवेळी तपासावे लागतात. त्यांतील चूक थेट मिश्रणात उतरते.

ओझोनची गोष्ट निराळी. तो नळकांड्यात साठवून टिकत नाही, म्हणून अतिनील दिव्याच्या साहाय्याने जागच्या जागी निर्माण करावा लागतो.

प्रत्यक्ष तपासणीत प्रथम शुद्ध हवा सोडून यंत्र शून्य दाखविते का, हे पाहतात. नंतर निरनिराळ्या प्रमाणांची मिश्रणे सोडली जातात. प्रत्येक वेळी आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. घाईने घेतलेली नोंद निरुपयोगी. फरक मर्यादेबाहेर आढळल्यास यंत्र दुरुस्त करून भागत नाही. मागील समाधानकारक तपासणीपासूनच्या सर्व नोंदी संशयास्पद ठरतात व त्या पुन्हा पडताळून पाहाव्या लागतात.