मागावे कसे?

सोलापूर हे अनेक बोलींचे गाव आहे. पेठेतून एक फेरी मारा. एका दुकानात मराठी ऐकू येते, दुसऱ्यात तेलुगू, तिसऱ्यात कानडी, चौथ्यात उर्दू. मागाच्या धंद्यामुळे तेलंगणातून विणकर इथे आले आणि इथलेच झाले. कानडी मुलूख तर शेजारीच आहे. घरी कोणी काहीही बोलो, राज्य सरकारच्या कचेरीतले काम मराठीत चालते. तसा 1964 चा कायदाच आहे. म्हणून तिथे मागायचे ते मराठीत मागता आले पाहिजे.

मागणे हे दिसते तितके सोपे नाही. आवाज चढवला, तर माणूस उर्मट ठरतो. फार संकोच केला, तर रिकाम्या हाताने घरी येतो. मग मधली वाट कोणती?

इंग्रज माणूस मागताना 'प्लीज' म्हणतो. आपल्याकडे 'कृपया' आहे, पण तो पाटीवर शोभतो. 'कृपया मीठ वाढ' असे घरात कोण म्हणतो? आपला मान क्रियापदाच्या शेवटी असतो. 'दे' म्हटले की हुकूम, 'द्या' म्हटले की मान, 'द्याल का?' म्हटले की विनंती. कानडीत 'कोडु'चे 'कोड्री' होते. तेलुगूत 'इव्वु'चे 'इव्वंडी' होते. रीत एकच आहे. तेव्हा घरची भाषा सोडून मराठी बोलताना हा शेवट गिळू नका.

आता एक गंमत पाहा. 'मला दाखला पाहिजे' आणि 'मला दाखला हवा होता', यांत दुसरे वाक्य कानाला मऊ लागते. का बरे? दाखला तर आजच हवा आहे. पण 'होता' म्हटल्याने आपण एक पाऊल मागे सरतो. समोरच्याला बोलायला जागा मिळते. स्पेन देशातला माणूसही दुकानात असेच भूतकाळात मागतो. तोच माणूस इंग्रजी शिकू लागला, की त्याला 'आय वाँट' याऐवजी 'आय वुड लाइक' म्हणायला शिकवतात. म्हणजे ही अडचण आपल्या एकट्याची नाही.

आवडनिवड सांगतानाही हेच धोरण ठेवा. चादरीच्या दुकानात 'ही घाण आहे' म्हणू नये. 'ही चांगली आहे, पण मला निळी जास्त आवडली' असे म्हणावे. जेवताना 'नको' असे तोडून न म्हणता 'आता पुरे, पोट भरलं' म्हणावे. वाढणाऱ्या अक्कांना वाईट वाटत नाही, आणि आपल्या पानातही जास्त पडत नाही.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. नम्रता म्हणजे लाचारी नव्हे. 'साहेब, गरिबावर दया करा' असे म्हणण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात 2015 साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. त्यात ठरवून दिलेल्या सेवा मुदतीत मिळणे हा आपला हक्क आहे. अर्ज दिला, की त्याची पोच मिळाली पाहिजे. अर्ज नाकारला, तर कारण लेखी मिळाले पाहिजे. इथे 'होता', 'होती' करू नका. शांत आवाजात स्पष्ट म्हणा, "साहेब, मला अर्जाची पोच पाहिजे." 'साहेब' हा मान झाला, 'पाहिजे' हा हक्क झाला. दोन्ही एका वाक्यात सुखाने नांदतात.

मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही, असे आपण म्हणतोच. मग कचेरीत गप्प बसून कसे चालेल?

खालील वाक्ये मोठ्याने वाचा आणि वहीत लिहा.

ताई, केसपेपर कुठे मिळेल?
अण्णा, जरा सरकून बसता का?
मला खात्यातले पैसे काढायचे होते.
साहेब, मला कारण लेखी पाहिजे.