वाळवंटासाठी घडवलेला पिकअप

मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात 1967 साली तिहुआना ते ला पास ही वाळवंटी शर्यत झाली. तेव्हापासून शेजारच्या कॅलिफोर्नियातल्या गॅरेजांना पिकअप घडवण्याचं वेडच लागलं.

अशा पिकअपच्या बंपरची सुरुवात पुठ्ठ्याने होते. साचा गाडीला लावून पाहायचा, मगच साधारण 5 मिलिमीटरचा पोलादी पत्रा कापायचा. खालची कड वर उचललेली असली की खडकाला आधी टायर भिडतो. टो-हूक मात्र थेट चासीलाच हवा. नुसत्या पत्र्यावरचा हूक ओढताना उखडला, तर गोळीसारखा सुटून जीव घेऊ शकतो.

खरी कारागिरी मागे. जुन्या टोयोटाला शेवरोले पिकअपचे 63 इंची स्प्रिंगचे पाटे बसवणं तिथे फार लोकप्रिय आहे. लांब पाटा मऊ चालतो, चाक खड्ड्यात खोलवर उतरतं. त्यासाठी चासीवर नवे हँगर वेल्ड करावे लागतात. पक्कं वेल्डिंग करण्याआधी अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडून ब्रेकचा होस ताणला जात नाही ना, हे बघायलाच हवं. इथे घाई अक्षम्य.

भारतात मात्र बंपरपुढे असं काही जोडताना कायदा आड येतो: बाहेरून लावलेल्या बुलबारवर, म्हणजे धातूच्या संरक्षक दांड्यांवर, कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना दिल्या. पादचाऱ्यांना त्यापासून असलेला धोका पाहता ते योग्यच झालं.