कोरोना होऊन गेला, मग लस कशाला? टी पेशींकडे असलेले उत्तर

२०२१ च्या उन्हाळ्यात गारगोटी आणि भुदरगड तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर लसीकरणाच्या कामासाठी फिरताना आम्हा कार्यकर्त्यांना दोन प्रश्न सतत विचारले गेले. "मला कोरोना होऊन गेलाय, आता लस कशाला?" आणि "लस घेऊनही त्याला झालाच की, मग उपयोग काय?" त्या वर्षी जून-जुलैमध्ये राज्यात इतरत्र दुसरी लाट ओसरत असताना कोल्हापूर जिल्ह्यात ती रेंगाळली होती, त्यामुळे दुसरा प्रश्न तर घरोघरी होता. असे विचारणाऱ्याला अडाणी ठरवून पुढे जाणे सोपे असते. पण नेमके हेच प्रश्न तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळांतही विचारले जात होते. त्यांच्या उत्तराचा मोठा भाग टी पेशींमध्ये आहे.

हा शब्द नवा वाटला तरी एचआयव्हीसह जगणाऱ्यांसोबत काम केलेल्या कार्यकर्त्यांना तो वेगळ्या नावाने ठाऊक आहे. एआरटी केंद्रात "सीडी-फोर किती?" असे विचारतात. तो आकडा म्हणजे रक्तातील मदतनीस टी पेशींची संख्या. निरोगी माणसात एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की एरवी किरकोळ असणारे जंतूही जिवावर उठतात. या पेशी काय करतात हे त्यांच्या नसण्यातून आपल्या लोकांनी फार जवळून पाहिले आहे.

अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे, रक्तात आणि नाका-घशाच्या ओलाव्यात फिरतात आणि विषाणू पेशीत शिरण्यापूर्वीच त्याला चिकटून अडवतात. पण विषाणू एकदा पेशीच्या आत गेला की प्रतिपिंडांचा हात तिथे पोहोचत नाही. आत काय चालले आहे ते कळावे म्हणून शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. मारक टी पेशी हे तुकडे तपासत फिरते आणि विषाणूचा तुकडा दिसला की ती पेशीच संपवते. मदतनीस टी पेशी मारक पेशींना आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना चालना देते. नव्या जंतूविरुद्ध ही फौज उभी राहायला आठवडा-दहा दिवस लागतात. काम संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, थोड्या स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. पुढच्या वेळी त्या दोन-तीन दिवसांत कामाला लागतात.

आता पहिला प्रश्न. आजारातून उठलेल्याच्या टी पेशी खरोखरच बरेच शिकलेल्या असतात, हे मान्य केले पाहिजे. कोरोनाचा विषाणू पंचवीसहून अधिक प्रथिने बनवतो आणि आजारी माणसाच्या टी पेशी त्यांतील अनेकांची ओळख करून घेतात. शिवाय काही स्मृतिपेशी फुफ्फुसात आणि नाकाच्या आतल्या अस्तरात मुक्काम ठोकतात. दंडावर टोचलेल्या लसीने तिथे फारशा पेशी पोहोचत नाहीत. २००३ मध्ये सार्स होऊन गेलेल्या लोकांच्या रक्तात १७ वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी सिंगापूरच्या संशोधकांना २०२० मध्ये सापडल्या. "आजारातून काहीच प्रतिकारशक्ती येत नाही" असे लोकांना सांगणे म्हणूनच चूक आहे. ते खोटे आहे, आणि खोटे उघडे पडले की पुढच्या खऱ्या सांगण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

मात्र या शिक्षणाची किंमत आधीच कुणाला सांगता येत नाही. पेशीत विषाणू शिरल्यावर धोक्याचा जो पहिला रासायनिक इशारा दिला जातो, तो कोरोनाचा विषाणू दाबून धरतो. इशारा उशिरा गेला की टी पेशीही उशिरा येतात आणि तोवर विषाणू फुफ्फुसात पसरलेला असतो. दवाखान्यात दाखल रुग्णांच्या रक्ततपासणीत डॉक्टर 'लिम्फोसाइट' किती आहेत ते पाहत असत. त्यांत टी पेशी येतात, आणि गंभीर रुग्णांत त्यांची संख्या घसरलेली असे. शिकण्याच्या वेळी वर्गच रिकामा, असा हा प्रकार. सौम्य आजार झालेल्यांतही कुणात भक्कम प्रतिसाद तयार झाला, कुणात जेमतेम. लसीचा डोस मात्र मोजलेला असतो, आणि तिच्यात वाढून पसरणारा कोरोनाचा विषाणू नसतो.

आपल्याकडे प्रामुख्याने दोन लसी दिल्या गेल्या आणि टी पेशींच्या दृष्टीने त्या सारख्या नाहीत. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोविशील्डमध्ये चिंपांझीचा, वाढू न शकणारा एक विषाणू वाहन म्हणून वापरला आहे. तो कोरोनाच्या फक्त काटेरी, म्हणजे स्पाइक प्रथिनाचा आराखडा दंडातील पेशींत पोहोचवतो. प्रथिन पेशीच्या आत तयार होते, त्यामुळे मदतनीस आणि मारक दोन्ही टी पेशी जाग्या होतात. पण त्यांना ओळख होते ती एकाच प्रथिनाची. कोव्हॅक्सिनमध्ये पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू पूर्ण मारून वापरला आहे. त्यात अनेक प्रथिने आहेत, पण मेलेला विषाणू पेशीत शिरून तिच्याकडून प्रथिने बनवून घेत नाही. अशा लसींनी मदतनीस पेशी चांगल्या तयार होतात, मारक पेशी त्या मानाने कमी. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेतील संशोधकांना कोव्हॅक्सिन घेतलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांत स्पाइक आणि आतील न्यूक्लिओप्रोटीन या दोन्हींना ओळखणाऱ्या मदतनीस पेशी आढळल्या, आणि सहा महिन्यांनंतरही त्या टिकून होत्या. कोणती लस 'भारी' यावर तेव्हा पारावर वाद रंगत. तो वाद आम्हाला कधीच फारसा कामाचा वाटला नाही, कारण आपल्या माणसांना निवड नव्हतीच. केंद्रावर जी आली ती घ्यायची, आणि १८ वर्षांवरील तरुणांना सुरुवातीला तीसुद्धा ऑनलाइन नोंदणी जमली तरच.

आजार होऊन गेलेल्याने नंतर लस घेतली तर तयार असलेल्या स्मृतिपेशी झपाट्याने वाढतात. दोन्ही प्रकारचे शिक्षण एकत्र येते आणि संरक्षण कोणत्याही एकापेक्षा जास्त मिळते. मे २०२१ मध्ये बरे झाल्यावर तीन महिने थांबून लस घ्या अशी सूचना आली. लस नको, असा तिचा अर्थ नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. लसीनंतर काही महिन्यांत प्रतिपिंडे घटतात आणि विषाणू नाकात शिरू शकतो. ओमायक्रॉनने तर स्पाइकचा आकार इतका बदलला की जुनी प्रतिपिंडे बरीचशी निष्प्रभ झाली. पण टी पेशी आकार पाहत नाहीत, प्रथिनाचे छोटे तुकडे पाहतात, आणि त्यांतील बहुतेक तुकडे तसेच राहिले होते. शिवाय प्रत्येक माणसाची पेशी वेगवेगळे तुकडे मांडते, त्यामुळे विषाणूला सगळ्यांना एकदम चकवणे अवघड जाते. म्हणून लस घेतलेल्यांना संसर्ग झाला तरी ऑक्सिजन लागण्याची वेळ फार कमी जणांवर आली. पैसे भरून अँटिबॉडी टेस्ट करून "आता माझ्यात काहीच उरले नाही" म्हणून घाबरलेले लोक आम्ही पाहिले. त्या तपासणीत टी पेशी मोजल्याच जात नाहीत.

कोरोना मागे पडला, पण लस आणि आजार यांतील हा फरक गोवरात आणखी ठळक दिसतो. "गोवर अंगावर फुटला पाहिजे" असे जुन्या बायका म्हणतात, त्यात निरीक्षण आहे. ते पुरळ म्हणजे टी पेशी संसर्ग झालेल्या पेशींवर तुटून पडल्याची खूण असते. जन्मतः प्रतिपिंडे बनवू न शकणारी मुले गोवरातून बरी होतात, पण टी पेशींत दोष असलेल्या मुलांना पुरळ न येताही गोवर मारू शकतो. आणि हाच विषाणू स्मृतिपेशींत शिरून त्यांचा नाश करतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या २०१९ मधील अभ्यासात गोवरानंतर आधीच्या रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. म्हणजे मूल गोवरातून उठते, पण न्यूमोनिया-जुलाबाविरुद्ध आधी शिकलेले विसरून. लसीतील दुबळा केलेला जिवंत विषाणू टी पेशींना शिकवतो, पण ही स्मृती पुसत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने मुले दगावली. दाटीवाटी, कुपोषण आणि चुकलेले डोस यांचा तो एकत्रित परिणाम होता.

आपल्या भागात चुकलेले डोस शोधायचे तर दिवाळीनंतर उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत जावे. मराठवाड्यातून आलेल्या तोडणी मजुरांची लहान मुले तिथे असतात. गोवर-रुबेलाचा डोस नवव्या महिन्यानंतर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो, म्हणजे एखादा डोस हंगामातच येतो. राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत देतात आणि त्यासाठी मूल इथलेच असावे लागत नाही. कार्ड गावी राहिले असेल आणि डोस झाला की नाही हे आईला आठवत नसेल, तरी आशाताईंना सांगून लस द्यावी. आधी झालेला असला तरी जास्तीचा डोस अपाय करत नाही, कारण शिकलेल्या पेशी लसीतील विषाणूला वाढूच देत नाहीत.