आधण उतरेपर्यंत

पौषातल्या एका पहाटे पुणे सोडलं तेव्हा कुठे जायचं ते पक्कं नव्हतं. दक्षिणेला जायचं आणि रुग्णालयाच्या रस्त्याने जायचं नाही, एवढंच ठरलं होतं. बाबांचं आजारपण पावसाळ्यात सुरू झालं आणि दिवाळीनंतर ते गेले. त्या सगळ्या महिन्यांत मी मुख्यतः बसून राहिले होते. अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्चीत, औषधांच्या दुकानापुढे, डॉक्टर कधी बाहेर येतात याकडे डोळे लावून. माणूस गेल्यावरही शरीराची ती सवय जात नाही. फोन वाजला की अजून पोटात गोळा येतो.

गाडी चालवताना निदान हातापायांना काम असतं. कराडच्या पुढे हंगाम दिसू लागला. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेला ऊस. कृष्णाकाठचं धुकं रस्त्यावर उतरलेलं असतं आणि मागे दिवा नसलेली ट्रॉली त्यातून एकदम समोर उभी राहते. म्हणून हळूच जायचं. दुसरा कसलाही विचार करायला जागा उरत नाही, आणि मला तेच हवं होतं.

कोल्हापूर ओलांडून गगनबावड्याच्या रस्त्याला लागले. बालिंग्याच्या पुढे, कळ्याच्या आसपास, काच खाली केली आणि वास आला. उकळत्या रसाचा, त्यात चिपाडाच्या धुराचा. उसाच्या फडाआड पत्र्याचं छप्पर आणि धुराडं दिसलं. विचारलं, बघू का? गुळव्या साठीच्या घरातले. म्हणाले, "बघा की ताई. पर आधण उतरंस्तवर थांबायला लागंल. अर्ध्यात जाऊ नका."

गुऱ्हाळाची मांडणी साधी असते. एका बाजूला चरक, तिथून रस हौदात आणि हौदातून काहिलीत. काहील म्हणजे पुरुषभराहून रुंद, उथळ, सपाट बुडाची कढई. तिच्याखाली जमिनीत खोदलेलं चुलवाण. जाळ घालणारा खाली खड्ड्यात बसून वाळलेलं चिपाड सारत असतो. ज्या उसाचा रस वर उकळतो, त्याचीच वाळलेली चिपाडं खाली जळतात. बाहेरून लाकूड आणावं लागत नाही. गुळव्या वरून नुसता हात हलवतात आणि खालचा माणूस जाळ कमी-जास्त करतो. दोघांत बोलणं जवळजवळ नाही.

रस तापला की भेंडीचं पाणी घालतात. भेंडीची झाडं ठेचून, पाण्यात चोळून निघालेला तो बुळबुळीत चिकट रस उसाच्या रसातली घाण धरून वर आणतो. चुन्याची निवळीही थोडी पडते. मग वर मळी येते. काळपट, हिरवट, जाड थर. ती झाऱ्याने काढायची, पुन्हा यायची, पुन्हा काढायची. या कामात घाई चालत नाही. मळी राहिली तर गूळ टिकत नाही, पावसाळ्यात पाझरतो. मळी काढणारा मुलगा एकदा जरा लवकर मागे सरला तर गुळव्यांनी शब्द न बोलता झाऱ्याकडे बोट दाखवलं. तो परत वाकला.

त्यानंतरचा बराच वेळ फक्त उकळण्याचा. वाफ इतकी की समोरचा माणूस दिसेना. फेस काठाकडे चढू लागला की खाद्यतेलाचे चार थेंब पडतात आणि तो खाली बसतो. रंग हिरवट-राखाडीवरून मधासारखा होत गेला, बुडबुडे मोठे आणि जड झाले. मी उभी राहून बघत होते. वाट बघणं मला नवं नव्हतं, पण इथे वाट बघणाऱ्याला दर क्षणी काहीतरी कळत होतं. फेसाचा आवाज बदलला, चाटूवरून पडणारी धार तुटायला लागली. इथे कुणाला विचारत बसावं लागत नव्हतं.

साधारण 105 अंशांना काकवी होते. घट्ट गुळासाठी पाक 118 अंशांच्या आसपास जावा लागतो. गुळव्यांकडे तापमापक नव्हता. त्यांनी थेंबभर पाक थंड पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर मारली. पहिल्यांदा ती चिकटली. पुन्हा थोड्या वेळाने मारली तेव्हा टण्ण वाजली. "उतरा!" जाळ ओढला गेला, चौघांनी कड्यांना हात घातले आणि पाक वाफ्यात ओतला. आधी दोन शब्दही न बोलणारी माणसं आता एकदम ओरडू लागली, कारण इथे क्षणाचा उशीर झाला तर पाक करपतो. वाफ्यात लाकडी फावड्याने तो ढवळत, घोटत राहिले. रवाळपणा येतो तो या घोटण्याने. मग कापड घातलेल्या साच्यांत भरणी झाली.

टनभर उसाला शंभर-सव्वाशे किलो गूळ. त्यासाठी एवढी माणसं, एवढी आग. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी बाजारपेठ वसवली ती या गुळाच्या व्यापाराला ठिकाण मिळावं म्हणून. 2014 साली कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरीही गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत. ऊस कारखान्याला जातो, जाळाशी बसायला माणूस मिळत नाही. आणि आपण गिऱ्हाईकही कमी दोषी नाही. पिवळाधमक गूळ हवा म्हणून हट्ट धरतो, मग तो रंग आणायला रसायनं पडतात. या काहिलीतला गूळ तपकिरी होता, मऊ आणि खमंग. घरात गूळ घेताना रंग बघणं सोडायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सुतक संपलं असलं तरी वर्षभर आमच्याकडे सण नाही. यंदा तिळगूळही करायचा नव्हता. तरी किलोकिलोच्या चार ढेपा घेतल्या. गुळव्यांनी काकवीची बाटली वर दिली. कशाला आलात, कुठून आलात, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

गगनबावड्याहून करूळ घाट उतरायला घेतला. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, हे बाबांनीच शिकवलेलं. तसाच उतरले. वैभववाडीत चहाला थांबून आईला फोन लावला. ती नेहमीप्रमाणे "कशी आहेस?" म्हणाली, आणि मी तिला भेंडीच्या पाण्याचं, मळीचं, टण्ण वाजलेल्या गोळीचं सांगत सुटले. ती मधेच म्हणाली, "अगं, माझ्या माहेरीही गुऱ्हाळ होतं, तुला सांगितलं नाही का कधी?" आणि मग तीच बोलू लागली, खूप वेळ.