गिरणीच्या आवारातली पंगत

महालक्ष्मीच्या लक्ष्मी वुलन मिलमध्ये पूर्वी लोकरीचं काम चालायचं. त्याच आवारात अदिती दुगर आणि शेफ प्रतीक साधू यांनी २०१६ साली ‘मास्क’ सुरू केलं. इथे मेन्यूकार्डावर बोट ठेवून काही मागवता येत नाही. टेबल आधी राखून ठेवायचं, वेळेवर पोहोचायचं आणि स्वयंपाकघरातून एकामागून एक येणारे दहा पदार्थ खायचे. जेवण मध्यावर आलं की पाहुण्यांना टेबलावरून उठवून थेट स्वयंपाकघरात नेतात आणि एखादा घास तिथेच, स्वयंपाक्यांच्या गडबडीत हातावर ठेवतात.

साधू मूळचे काश्मीरचे. त्यांनी हिमालयातला माल मुंबईच्या टेबलावर आणला. काश्मीरच्या जंगलातली गुच्छी अळंबी आणि लडाखमधलं आंबटढाण, केशरी सीबकथॉर्न यांच्याभोवती इथे अख्खा पदार्थ उभा राहू लागला. एरवी महागड्या हॉटेलांत हा मान परदेशातून येणाऱ्या ट्रफलला मिळायचा. २०२२ मध्ये साधू बाहेर पडले आणि वरुण तोतलानी मुख्य शेफ झाले. ‘मास्क’ उघडलं तेव्हा तोतलानी तिथे अगदी खालच्या पायरीवरचे स्वयंपाकी होते. पुढच्याच वर्षी आशियातल्या सर्वोत्तम ५० रेस्टॉरंटांच्या यादीत ‘मास्क’ सोळाव्या क्रमांकावर आलं. क्रमांक वर्षागणिक वरखाली होत राहतो. संस्थापक शेफ गेल्यावरही स्वयंपाकघराचा कस टिकला, ही त्याहून मोठी कमाई.

मुंबईत अशा जेवणाचा पत्ता बराच काळ एकच होता : पंचतारांकित हॉटेल. १९०३ मध्ये उघडलेल्या ताजमहाल हॉटेलने शहराला एकेक चव दाखवली. १९७३ मध्ये तिथे ‘गोल्डन ड्रॅगन’ आलं आणि झणझणीत सिचुआन जेवण मुंबईकरांच्या ओळखीचं झालं. १९८९ मध्ये ‘झोडियाक ग्रिल’ सुरू झालं, तेव्हा मेन्यूवर किमतीच छापलेल्या नव्हत्या. जेवण झाल्यावर पाहुण्याने त्याला योग्य वाटेल ती रक्कम द्यायची! हेमंत ओबेरॉय यांच्या त्या स्वयंपाकघराचा कॅमाम्बेर चीजचा डॅरिओल अनेकांच्या आठवणीत अजून आहे.

हॉटेलची ही भिंत ओलांडली राहुल आकेरकर यांनी. अमेरिकेत जैवरसायन अभियांत्रिकी शिकलेला हा माणूस स्वयंपाकात रमला आणि १९९९ मध्ये कुलाब्याच्या मंडलिक रोडवरच्या जुन्या बंगल्यात त्याने ‘इंडिगो’ उघडलं. हॉटेलच्या लॉबीतून न जाताही उत्तम जेवण आणि उत्तम वाइन मिळू शकते, हे शहराला तिथे पटलं. ‘इंडिगो’ २०१८ मध्ये बंद झालं, पण त्यानंतर स्वतंत्र रेस्टॉरंट काढणाऱ्या प्रत्येकाची वाट त्या बंगल्यावरूनच गेली आहे.

मग पाळी आली लोअर परळची. २०१५ च्या फेब्रुवारीत कमला मिल्समध्ये ‘द बॉम्बे कॅन्टीन’ उघडलं. समीर सेठ आणि यश भानगे यांच्या जोडीला होते फ्लॉइड कार्डोझ. गोव्याच्या घराण्यातला, मुंबईत जन्मलेला हा शेफ १९९८ ते २०१० न्यूयॉर्कच्या ‘तबला’मध्ये भारतीय मसाल्यांना पाश्चात्त्य तंत्राची जोड देत होता. मुंबईत मात्र त्यांना इथलंच काही करायचं होतं. पहिले मुख्य शेफ थॉमस झकारिया देशभर फिरले, घराघरांतल्या पाककृती शिकून आले. विलिंग्डन क्लबमध्ये एका सदस्याच्या नावाने ओळखला जाणारा टोस्ट, अंडं, चीज आणि हिरव्या मिरचीचा ‘एग्ज केजरीवाल’ क्लबच्या दाराबाहेर सर्वांसाठी आला, त्यात या कॅन्टीनचा वाटा मोठा आहे. जेवणानंतरचा गुलाबजाम इथे डोनटच्या रूपात येतो, ओल्ड मंक रममध्ये भिजून. दोन वर्षांनी याच मंडळींनी वांद्रे-कुर्ला संकुलात ‘ओ पेद्रो’ काढलं आणि गोव्याचा पोई पाव तिथल्या बँकवाल्यांच्या पानात गेला. कार्डोझ मार्च २०२० मध्ये न्यू जर्सीत कोविडने गेले.

परळ-महालक्ष्मीत जेवायला बसताना या जमिनीवर आधी कोण जेवत होतं, तेही आठवायला हवं. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार खानावळीत जेवत. त्यातल्या कित्येक खानावळी बायकाच आपल्या खोलीत चालवत. पगार झाला की महिन्याचे पैसे मिळायचे, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. या बायकांना संघटित करून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभारलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर या चुलीही थंडावल्या. गिरणगावाची खरी पाककला त्या दहा बाय बाराच्या खोल्यांत होती : सुकटीचं कालवण, हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी. नव्या स्वयंपाकघरांनी लडाखपर्यंत शोध घेतला, तो कौतुकाचाच. पण साताऱ्या-सिंधुदुर्गाच्या या अन्नाला त्यांच्या दहा पदार्थांत हक्काची जागा मिळायला हवी. ते याच आवारांचं देणं आहे.

आता नव्या स्वयंपाकघरांची ही चळवळ गिरण्यांपुरती उरलेली नाही. फोर्टच्या किताब महलमध्ये नियती राव यांचं ‘एका’ २०२१ मध्ये सुरू झालं. कोपनहेगनच्या ‘नोमा’त उमेदवारी करून आलेल्या या मुलीच्या हाताखाली एकेका घटकाची चव सुटी करून पाहिली जाते. वांद्र्यात ज्यूड बेकरीच्या जागी ‘व्हेरोनिकाज’ आलं आणि त्याच्या वरच्या मजल्यावर २०२४ मध्ये हुसेन शहजाद यांनी ‘पापाज’ उघडलं. तिथे खुर्च्या फक्त बारा, साऱ्या शेफच्या ओट्यासमोर.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने दुपारी ‘बॉम्बे कॅन्टीन’पासून सुरुवात करावी. तिथे चौघांत चार पदार्थ वाटून खाता येतात आणि खिशाचा अंदाज राहतो. ‘मास्क’ आणि ‘पापाज’ला संध्याकाळ मोकळी ठेवावी लागते, जागा बऱ्याच आधी धरावी लागते. शाकाहार, उपास किंवा एखादी अ‍ॅलर्जी असेल तर ते जागा धरतानाच सांगावं, म्हणजे सगळ्याच पदार्थांची तयारी स्वयंपाकघराला त्या हिशेबाने करता येते.