मागल्या बाकावरील सभासद

लोकसभेचे कामकाज म्हटले म्हणजे सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे मंत्री, विरोधी पक्षनेते आणि सभात्याग एवढीच सामग्री उभी राहते. परंतु पाचशेहून अधिक सभासदांच्या या सभागृहात ज्यांच्याकडे ना खाते आहे ना पक्षाचे पुढारीपण, असेच सभासद बहुसंख्य असतात, आणि त्यांनी तेथे करावयाचे तरी काय, याविषयी मतदारांचीच नव्हे, तर कित्येकदा त्या सभासदांची स्वतःची कल्पनाही अंधुक असते. बदलीची शिफारस करणे, रस्त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज पाठवणे, मतदारसंघातील लग्नमुंजींना हजेरी लावणे ही कामे त्यांची नव्हेत असे नाही. मात्र त्यांच्यासाठी दिल्लीस जाऊन बसण्याचे प्रयोजन नाही.

मागल्या बाकावरील सभासदाचे खरे हत्यार भाषण नसून प्रश्न हे आहे. तारांकित प्रश्नाची सूचना निदान पंधरा दिवस अगोदर द्यावी लागते, आलेल्या सूचनांमधून सोडतीने क्रम ठरतो, आणि एका दिवसाच्या यादीत वीसच प्रश्न घेतले जात असल्याने ज्याचा क्रमांक खाली लागला त्याचे नशीब अकरा ते बारा या एका तासात उजाडेलच असा भरवसा नसतो. मग त्याला छापील उत्तरावर समाधान मानावे लागते. पण ज्याचा प्रश्न पुकारला जातो, त्याला पुरवणी प्रश्न विचारण्याची मुभा मिळते आणि खरी झटापट तेथे होते. मूळ प्रश्नाचे उत्तर खात्याच्या कारकुनांनी आणि सचिवांनी घोटून घोटून तयार केलेले असते. पुरवणीचे उत्तर मंत्र्याला उभ्याउभ्या द्यावे लागते, आणि एकदा दिलेले उत्तर इतिवृत्तात कायमचे दाखल होते. 'माहिती घेऊन सांगतो' असे म्हणून मंत्रिमहोदय सुटले, तरी ते वचन पाळले गेले की नाही हे पाहण्यासाठी १९५३ पासून आश्वासन समिती बसवलेली आहे. (तिचे अहवाल वाचणारे किती, हा प्रश्न मात्र कोणत्याच यादीत येत नाही.)

या हत्याराचा उपयोग कसा करावा याचा धडा घालून दिला तो रायबरेलीचे सभासद फिरोज गांधी यांनी. पंतप्रधानांचे जामात आणि सत्तारूढ पक्षाचे सभासद असूनही हे मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ अखेरपर्यंत मागल्या बाकावरच राहिले, आणि १९५२ नंतरची पहिली तीनेक वर्षे तर सभागृहात ते फारसे बोललेच नाहीत. डिसेंबर १९५५ मध्ये मात्र ते खाजगी विमा कंपन्यांच्या हिशेबांची चिरफाड करणारे कागद घेऊन उभे राहिले. पुढल्याच महिन्यात सरकारने आयुर्विम्याचा धंदा आपल्या ताब्यात घेतला. त्यातून निर्माण झालेल्या आयुर्विमा महामंडळाने १९५७ साली कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले, तेव्हा हेच गृहस्थ आपल्याच सरकारला जाब विचारण्यासाठी पुन्हा उभे राहिले. आधी प्रश्नोत्तरांतून एकेक कबुली नोंदवून घेतली गेली, आणि मग १६ डिसेंबरच्या चर्चेत त्यांनी खरेदीच्या तारखा, भाव आणि खात्याचा पत्रव्यवहार असा काही मांडला की चौकशीवाचून गत्यंतर उरले नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म. क. छागला यांनी ती चौकशी मुंबईत उघडपणे चालवली, काही आठवड्यांत अहवाल दिला, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. त्या भाषणात वक्तृत्वाचा फुलोरा नव्हता, बेरीज-वजाबाकी होती. आणि माझ्या मते तिचाच धाक सरकारला अधिक वाटला.

फिरोज गांधींचे दुसरे काम याहून कमी गाजले, तरी टिकले अधिक. संसदेतील भाषणांचा खरा वृत्तान्त छापल्याबद्दल वृत्तपत्रांवर खटले होऊ नयेत, यासाठी त्यांनी अशासकीय विधेयक आणले आणि १९५६ साली त्याचा कायदा झाला. आणीबाणीत, त्यांच्याच पत्नी पंतप्रधानपदी असताना, तो रद्द करण्यात आला. १९७७ साली जनता राजवटीने तो परत आणला आणि पुढल्या वर्षी ४४ व्या घटनादुरुस्तीने त्याच संरक्षणाला अनुच्छेद ३६१-क म्हणून राज्यघटनेत स्थान दिले.

अशासकीय विधेयकांना शुक्रवारचे शेवटचे अडीच तास दिलेले असतात, आणि आपापल्या गावी परतण्याच्या त्या वेळी बाके रिकामी होऊ लागतात, हे तेथील जुने दुखणे आहे. आजवर अशी अवघी चौदा विधेयके कायद्याच्या पुस्तकात गेली, आणि १९७० नंतर एकही नाही. तथापि मंजूर न झालेले विधेयकही वाया जातेच असे नाही. गोलकनाथ खटल्याच्या निकालाने मूलभूत हक्कांना हात लावण्याचा संसदेचा अधिकार काढून घेतला, तेव्हा कोकणातल्या राजापूरचे समाजवादी सभासद बॅरिस्टर नाथ पै यांनी १९६७ साली घटनादुरुस्तीचे विधेयक मांडून तो अधिकार परत मागितला. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर दीर्घ आणि गंभीर चर्चा झाली, समाजवाद्यांतच त्यावरून मतभेद झाले, आणि १९७० च्या अखेरीस लोकसभा विसर्जित होताच ते निकालात निघाले. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी सरकारने आणलेल्या २४ व्या घटनादुरुस्तीने बव्हंशी तेच साधले. विधेयकाच्या मूळ हेतूविषयी मतभेदाला जागा आहे आणि मीही त्याचा निःशंक पुरस्कर्ता नाही. परंतु एका मागल्या बाकाने सरकारच्या आधी विषय हेरला, एवढे कबूल केले पाहिजे.

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने मतदानाच्या वेळी पक्षादेशाचा फास सभासदाच्या गळ्याभोवती आवळला, हे खरेच. पण तो कायदा मताला बांधतो, प्रश्नाला बांधत नाही. म्हणून 'आमच्या हाती काय आहे?' असे म्हणणाऱ्या सभासदाची सबब मला लंगडी वाटते. लोकसभेतील प्रश्न आणि उत्तरे सभासदांच्या नावांसह प्रसिद्ध होतात आणि ती कोणासही पाहता येतात. तेव्हा आपला सभासद पुढल्या खेपेस मत मागायला दारी येईल, त्यापूर्वी त्याने पाच वर्षांत काय विचारले आणि कोणते उत्तर मिळवले, ते वाचकांनी एकवार वाचून ठेवावे.