विद्यार्थिमंडळे व स्नेहसंमेलने, शालेय

विद्यार्थिमंडळे व स्नेहसंमेलने, शालेय : माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांनी वाङ्मय, वक्तृत्व, नाट्य, विज्ञान इ. विषयांच्या आवडीतून शिक्षकांच्या देखरेखीखाली चालविलेली मंडळे आणि त्यांच्या अनुषंगाने शाळेत रूढ झालेले सामाजिक उपक्रम. वर्गात विद्यार्थी हा श्रोता असतो. मंडळात तो कार्यवाह, खजिनदार वा वक्ता होतो. सभा बोलाविणे, इतिवृत्त लिहिणे, वर्गणीचा हिशेब देणे व मतभेद झाल्यास बहुमताचा कौल मानणे, ही कामे तो बहुधा येथेच प्रथम करतो. मंडळाचे शैक्षणिक मोल मुख्यतः या कामांत असल्याने ते प्रत्यक्षात कोण चालवितो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील परंपरेचा आणि ती नव्या वस्तीत रुजताना झालेल्या बदलांचे उदाहरण म्हणून ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरील शाळांचा विचार केला आहे.

महाराष्ट्रातील या परंपरेचा उगम मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये आढळतो. तेथील विद्यार्थ्यांनी प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने १८४८ मध्ये ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. निबंध वाचावयाचा व त्यावर चर्चा करावयाची, एवढाच तिचा आरंभीचा क्रम होता. तथापि त्याच वर्षी तिची मराठी ज्ञानप्रसारक सभा ही शाखा निघाली आणि १८४९ मध्ये सभासदांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाई नवरोजी हे या तरुणांपैकी एक होत. निबंधवाचनाच्या मंडळातून वर्षभरात शाळा निघाव्यात, हे पुढील काळातील कित्येक सुसज्ज मंडळांनाही साधलेले नाही. स्वातंत्र्योत्तर काळात मुदलियार आयोगाने (१९५२–५३) अभ्यासपूरक उपक्रमांना माध्यमिक शिक्षणाचा अविभाज्य भाग मानले. त्यामुळे मंडळांना मान्यता लाभली, पण त्याचबरोबर ती शाळेच्या वेळापत्रकाच्या व अहवालाच्या कक्षेतही आली.

मराठी शाळांत वाङ्मय मंडळ हे सर्वांत जुने व चिवट ठरले. त्याचे प्रमुख फळ म्हणजे हस्तलिखित. वर्षातून एकदा निघणाऱ्या या अंकाची प्रत एकच असे. वळणदार अक्षराचा विद्यार्थी मजकूर उतरवून काढी, चित्रकलेत गती असणारा मुखपृष्ठ रंगवी आणि अंक ग्रंथालयात ठेवला जाई. वाचक थोडे असले, तरी एका चुकीसाठी सबंध पान पुन्हा लिहावे लागत असल्याने संपादनाची शिस्त मुलांच्या अंगी मुरे. छपाई व संगणक सुलभ झाल्यावर अंक देखणे झाले. मजकुराची निवड मात्र बहुतांशी शिक्षकांकडे गेली. भित्तिपत्रकाने ही उणीव काही अंशी भरून काढली. स्पर्धांसाठी शाळेची ‘कुलां’त विभागणी करण्याची पद्धत इंग्लंडमधील निवासी शाळांतून आली. तेथे कुल म्हणजे विद्यार्थ्यांचे राहण्याचे घर. येथे ते केवळ नावापुरते राहिले आणि त्याला शिवनेरी, रायगड अशी किल्ल्यांची किंवा नद्यांची नावे मिळाली.

सामाजिक प्रथांपैकी काही सणांतून आल्या आहेत. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती रेखाटून पाटीपूजन करतात. नवरात्रात मुलींचा भोंडला होतो (घाटावर यालाच हादगा म्हणतात). पाटावर हत्ती काढून त्याभोवती मुली फेर धरतात, गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखावयाची असते. डबा हलवून आवाजावरून अंदाज बांधणे, गोड की तिखट असे विचारीत उत्तराजवळ जाणे आणि ओळखू न येणारी खिरापत आणल्याची प्रौढी, हा या खेळाचा खरा गाभा होय. त्यासाठी अध्यक्ष लागत नाही की हिशेब लागत नाही. तरीही तो एका पिढीकडून दुसरीकडे बिनचूक जातो. याउलट शिक्षकदिन (५ सप्टेंबर, १९६२ पासून) हा अधिकृत प्रसंग असला, तरी त्या दिवशी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी खालच्या वर्गांना शिकविण्याची चाल मुलांनी मनापासून आपलीशी केली. खालच्या वर्गातील दंगा आवरताना शिक्षकाच्या कामाची त्यांना येणारी कल्पना भाषणांतून येणाऱ्या कल्पनेहून अधिक पक्की असते.

स्नेहसंमेलन हा ‘सोशल गॅदरिंग’ या इंग्रजी संज्ञेचा मराठी पर्याय. बोलण्यात मात्र ‘गॅदरिंग’ हाच शब्द टिकून आहे. ते सामान्यतः डिसेंबर-जानेवारीत भरते. नाट्यप्रवेश, नृत्ये, पारितोषिक वितरण व स्वयंसेवकांचे बिल्ले हे त्याचे ठरलेले घटक. शेलापागोटे (फिशपाँड) हा प्रकार एके काळी अतिशय लोकप्रिय होता. निनावी चिठ्ठीतून केलेल्या थट्टेत विनोदबुद्धीला वाव असला, तरी रंग, अंगलट किंवा गरिबी यांवरील शेरे वर्षानुवर्षे मनात सलत राहतात. त्यामुळे अनेक शाळांनी तो बंद केला, हे योग्यच झाले. संमेलनाच्या तयारीत पूर्वी पडदे रंगविण्यापासून वेषभूषा मागून आणण्यापर्यंतची कामे विद्यार्थ्यांकडे असत. पुढे भाड्याची वेषभूषा, ध्वनिमुद्रित संगीत व मोबदला घेणारे नृत्यदिग्दर्शक आले. प्रयोग सफाईदार झाला, परंतु विद्यार्थ्याकडे फक्त नाचण्याचे काम उरले.

घोडबंदर रस्त्याचा परिसर या स्थित्यंतराच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. येऊरचे डोंगर व खाडी यांमधील या पट्ट्यात मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे इ. जुनी गावे व आदिवासी पाडे आहेत. शेती व कारखाने असलेल्या या भागात विशेषतः १९९० नंतर मोठी गृहसंकुले उभी राहिली. जुन्या ठाण्यातील विद्यार्थी बव्हंशी पायी शाळेत जात. शाळा सुटल्यावर तासभर थांबून मंडळाची सभा घेणे त्यांना अवघड नव्हते. नव्या पट्ट्यातील अनेक इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील मुले शाळेच्या बसने ये-जा करतात. रस्त्यावरील वाहतुकीच्या कोंडीमुळे बस ठरल्या वेळी सुटणे भाग असते. परिणामी ‘क्लब’ हा वेळापत्रकातील एक तास बनतो आणि तासाला शिक्षक असतोच. वादविवाद, यंत्रमानवनिर्मिती, पर्यावरण, संयुक्त राष्ट्रसभेची नक्कल असे येथील विषय व्यापक आहेत. विद्यार्थी परिषदेला खांद्यावरून पट्टा व छातीवर बिल्ला लावून समारंभपूर्वक पदे दिली जातात. मात्र बिल्ल्यासोबत खर्चाची वही फारशी हाती येत नाही.

विविध भाषा बोलणारी कुटुंबे येथे एकत्र राहत असल्याने मराठीचे स्थानही या उपक्रमांतून ठरते. राज्यातील सर्व शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा कायदा २०२० मध्ये झाला. कायद्याने भाषा वर्गात येते. पटांगणावर ती आणण्याचे काम २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या एका कार्यक्रमाने होण्याजोगे नाही. शिवाय गावठाण व पाड्यांतील मुले बव्हंशी महापालिकेच्या शाळांत आणि संकुलांतील मुले खाजगी शाळांत, अशी विभागणी असल्याने एकाच रस्त्यालगत राहूनही ती एका मंडळात क्वचितच येतात. भोंडल्याने मात्र वेगळीच वाट काढली : अनेक संकुलांतील महिला तो इमारतीखालच्या मोकळ्या जागेत भरवितात आणि शाळेत तो न पाहिलेल्या, मराठी न बोलणाऱ्या घरांतील मुलीही त्या फेरात उभ्या राहून खिरापतीचा डबा कानाशी हलवून पाहतात.